शंका-समाधान : प्रकारांचं गणित आणि वाक्याचा अर्थ

मागच्या अंकात गणिती योआखिम लँबेक यांनी १९५८ साली मांडलेल्या कलनाची ओळख दिली होती. प्रत्येक शब्दाला एक प्रकार द्यायचा आणि वाक्य शुद्ध आहे की नाही हे तर्कातल्या सिद्धतेसारखं तपासायचं, अशी ती कल्पना. त्यावर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. चिन्हं सगळीकडे सारखीच आहेत. 'ना' म्हणजे व्यक्ती किंवा वस्तू दाखवणारं नाम, 'सा' म्हणजे सामान्यनाम, 'वा' म्हणजे पुरं वाक्य. अ\ब म्हणजे डावीकडे अ मिळाला की ब होणारा शब्द, आणि ब/अ म्हणजे उजवीकडे अ मिळाला की ब होणारा शब्द.

व्याकरणाच्या तासाला प्रकार शिकवतात, अर्थविचाराच्या तासाला लॅम्डा. दोन्हींचा सांधा कुठे आहे ते कुणी दाखवत नाही. एका वाक्यावर करून दाखवाल का?
– एम.ए.ची विद्यार्थिनी, अंबाजोगाई

'गंगूबाई भाकरी थापते' हे वाक्य घ्या. कोश असा लिहायचा:

गंगूबाई : ना
भाकरी : ना
थापते : ना\(ना\वा)

('भाकरी'ला ना देणं ही सोय आहे. मराठीतलं उघडं सामान्यनाम कधी 'एक भाकरी', कधी 'ती भाकरी' असं काम करतं. तिथे सा चा ना करणारी एक न दिसणारी पायरी लागते; ती तूर्त बाजूला ठेवू.)

आता प्रकारांचं अर्थाच्या बाजूला रूपांतर करा. ना चा अर्थ व्यक्ती. वा चा अर्थ खरं किंवा खोटं. सा म्हणजे व्यक्ती दिली की खरं-खोटं सांगणारं फलन. आणि अ\ब असो की ब/अ, दोन्हींचा अर्थ एकच : अ चा अर्थ घेऊन ब चा अर्थ देणारं फलन. डावं-उजवं व्याकरणात राहतं, अर्थात उरत नाही. म्हणून 'थापते'चा अर्थ असा लिहितात ('लॅम्डा क्ष' म्हणजे 'क्ष च्या जागी वस्तू द्या, पुढचं मिळेल' असं फलन):

लॅम्डा क्ष. लॅम्डा य. थाप(य, क्ष)

पहिली पायरी : 'भाकरी' आणि 'थापते' जोडले की प्रकार उरतो ना\वा, आणि अर्थ होतो लॅम्डा य. थाप(य, भाकरी). दुसरी पायरी : डावीकडून गंगूबाई आली की प्रकार वा आणि अर्थ थाप(गंगूबाई, भाकरी). जोडायच्या प्रत्येक पायरीला अर्थाच्या बाजूला फलनाला वस्तू देणं घडतं. उलट्या पायरीत आधी एक गृहीतक धरायचं, सिद्धता पुढे न्यायची आणि शेवटी ते गृहीतक सोडवून घ्यायचं. तिथे अर्थात एक लॅम्डा चढतो. सांधा तो एवढाच. सिद्धता आणि लॅम्डा-पद यांच्या या जुळणीला करी आणि हॉवर्ड यांचं नाव आहे, आणि लँबेक कलनाला ती पद्धतशीर लावली योहान फान बेंथेम यांनी, १९८० च्या दशकात.

याचा फायदा कळायला तर्कशास्त्रज्ञ रिचर्ड माँटेग्यू यांचा १९७३ मध्ये छापून आलेला निबंध शेजारी ठेवून बघा. तिथे रचनेचे १७ नियम आहेत आणि त्यांच्या जोडीला अर्थात भाषांतर करणारे १७ नियम, सगळे हाताने लिहिलेले. लँबेकच्या मार्गाने गेलं तर हाताने फक्त कोश लिहावा लागतो, बाकीचा अर्थ सिद्धतेतून आपोआप निघतो.

विद्यार्थी चुकतात ते दोन ठिकाणी. पहिली चूक लॅम्डांच्या क्रमाची. मराठीत क्रियापदाला आधी भेटतं ते शेजारचं कर्म, म्हणून पहिला लॅम्डा कर्माचा. तो उलटा लावला की भाकरीच गंगूबाईला थापते, आणि गंमत म्हणजे सिद्धता तरीही बिनचूक दिसते. दुसरी चूक 'स्वतःला'सारख्या शब्दांची. सिद्धतेत प्रत्येक गृहीतक एकदाच वापरता येतं, म्हणून 'रेणुका स्वतःला पाहते' मधली रेणुका दोनदा कशी आणायची असं वाटतं. दोनदा आणायचं काम सिद्धतेचं नाही, कोशाचं. 'स्वतःला'चा प्रकार (ना\वा)/(ना\(ना\वा)) आणि अर्थ लॅम्डा व. लॅम्डा य. व(य)(य). कोशातल्या पदात एक चल दोनदा आला तर कुणाची हरकत नाही.

आपल्या शास्त्रात आकांक्षा, योग्यता, संनिधी सांगितल्याच आहेत. पाश्चात्त्यांनी तेच नव्या चिन्हांत मांडलं, असं म्हणता येईल का?
– निवृत्त संस्कृत शिक्षक, पैठण

अर्धं म्हणता येईल. 'थापते' ऐकलं की 'काय?' आणि 'कोण?' ही अपेक्षा उरते. ना\(ना\वा) मधल्या दोन तिरक्या रेघा नेमकी तीच आकांक्षा दाखवतात. संनिधीही तिथे आहे, कारण प्रकार जुळायला शब्द शेजारी असावे लागतात. योग्यता, म्हणजे अर्थांचं एकमेकांना जुळणं, मात्र नाही. 'तो आगीने शेत शिंपतो' हे वाक्य कलन बिनतक्रार पास करतं. 'आगीने शिंपणं जमत नाही' हे ज्ञान प्रकारात घालायचं तर ना चे पोटप्रकार पाडावे लागतात, आणि तशी मांडणी करणारे अभ्यासक आहेतही. पण खरा फरक पुढे आहे. शाब्दबोधाच्या चर्चेत अर्थ कसा लागतो याच्या अटी मिळतात, तर कलनात सिद्धतेची पायरी न् पायरी मोजता येते आणि तिचं अर्थात रूपांतर होतं. दुसऱ्या गोष्टीला पहिलीचं नाव देऊन दोन्हींना न्याय मिळणार नाही.

'रेणुकाने आंबा आणि गंगूबाईने पेरू खाल्ला' यात 'रेणुकाने आंबा' हा तुकडा धड नाम नाही, धड क्रिया नाही. त्याला 'आणि' जोडतो कसा?
– कनिष्ठ महाविद्यालयातले अध्यापक, परभणी

झाडाच्या फांद्या काढणाऱ्या व्याकरणाला हा तुकडा नडतो. लँबेकला नडत नाही, आणि गृहीतकाची पायरी शिकायला याहून चांगलं मराठी उदाहरण नाही. ('रेणुकाने' आणि 'गंगूबाईने' यांना इथे नुसता ना देतो. विभक्ती दोन प्रश्नांनंतर.)

तुकड्याच्या उजव्या टोकाला एक काल्पनिक क्रियापद व धरा, प्रकार ना\(ना\वा). 'आंबा' आणि व जोडले : ना\वा, अर्थ व(आंबा). डावीकडून रेणुका जोडली : वा, अर्थ व(आंबा)(रेणुका). आता व हे उजव्या कडेला आहे, म्हणून ते सोडवता येतं. उरला प्रकार वा/(ना\(ना\वा)) आणि अर्थ लॅम्डा व. व(आंबा)(रेणुका). म्हणजे 'रेणुकाने आंबा' हा क्रियापदाची वाट पाहणारा सरळ तुकडा झाला. 'गंगूबाईने पेरू' तसाच.

या लांबलचक प्रकाराला थोडक्यात त म्हणू. मग 'आणि'चा प्रकार (त\त)/त, अर्थ लॅम्डा ज. लॅम्डा ग. लॅम्डा व. ग(व) आणि ज(व). शेवटी 'खाल्ला' जोडला की निघतं : खा(रेणुका, आंबा) आणि खा(गंगूबाई, पेरू). 'आणि'ला असे हवे तेवढे प्रकार देण्याची शिस्त बार्बरा पार्टी आणि मॅट्स रूथ यांनी १९८३ मध्ये घालून दिली : ज्या प्रकाराच्या शेवटी वा निघतो, तिथे 'आणि' चालतो.

अडचण येते लिंगाशी. पेरूच्या जागी केळं आलं तर आपण 'रेणुकाने आंबा आणि गंगूबाईने केळं खाल्लं' म्हणतो. क्रियापद जवळच्या कर्माशी जुळतं आणि आंब्याचं पुल्लिंग वाऱ्यावर. प्रकारातच लिंग कोंबलं असेल, म्हणजे 'खाल्लं'ला नपुंसकलिंगी कर्मच हवं असं लिहिलं असेल, तर 'रेणुकाने आंबा'चा त वेगळा पडतो आणि सिद्धता अडते. म्हणून सुरुवातीला लिंग-वचन प्रकारात घालू नका. ती तपासणी वेगळ्या थरावर ठेवा.

'प्रत्येक शेतकऱ्याने एक विहीर खोदली' याचे दोन अर्थ होतात : ज्याची त्याची वेगळी विहीर, किंवा सगळ्यांची मिळून एकच. इंग्रजी पुस्तकात दोन सिद्धता दाखवून दोन अर्थ काढलेले आहेत. मराठी वाक्यावर तेच केलं तर एकच सिद्धता मिळते. आमचं काय चुकतं?
– संशोधक विद्यार्थी, नांदेड

तुमचं काही चुकत नाही. हा फरक खराच आहे, आणि इंग्रजी पुस्तकं वाचून मराठीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी आडवा येतो.

'प्रत्येक शेतकऱ्याने' याचा प्रकार वा/(ना\वा). अर्थ : लॅम्डा प. प्रत्येक य साठी, शेतकरी(य) असेल तर प(य). 'एक विहीर' कर्ता आणि क्रियापद यांच्या मधे बसते, म्हणून तिचा प्रकार (ना\वा)/(ना\(ना\वा)). अर्थ : लॅम्डा व. लॅम्डा य. असा क्ष आहे की विहीर(क्ष) आणि व(क्ष)(य). जोडत गेलं की मिळतं : प्रत्येक शेतकरी य साठी अशी विहीर क्ष आहे की खोद(य, क्ष). ज्याची त्याची विहीर. दुसरा अर्थ या प्रकारांतून निघूच शकत नाही.

कारण असं. 'एक विहीर'ला सगळ्या वाक्यावर ताबा द्यायचा तर तिच्या जागी एक मोकळं ना गृहीत धरावं लागतं, 'प्रत्येक शेतकऱ्याने ... खोदली' हे वाक्य पुरं करावं लागतं, आणि मग ते ना सोडवून घ्यावं लागतं. लँबेक कलनात गृहीतक सोडवता येतं ते फक्त डाव्या किंवा उजव्या कडेला. इंग्रजीत क्रियापद मधे असल्यामुळे कर्म उजव्या कडेला पडतं, काम होतं. मराठीत क्रियापद शेवटी, कर्म मधे. गृहीतक दोन्हींकडून कोंडलं जातं.

वाटा तीन आहेत. पहिली म्हणजे कोशात 'एक विहीर'ला आणखी एक प्रकार द्यायचा :

((वा/(ना\वा))\वा)/(ना\(ना\वा))

अर्थ : लॅम्डा व. लॅम्डा क. असा क्ष आहे की विहीर(क्ष) आणि क(व(क्ष)). आधी उजवीकडून 'खोदली' घ्या, मग डावीकडून अख्खं 'प्रत्येक शेतकऱ्याने'. सामायिक विहिरीचा अर्थ बरोबर येतो, करून बघा. पण 'प्रत्येक शिक्षकाने बहुतेक मुलांना एक वही दिली' असं तीन संख्यापदांचं वाक्य आलं की अर्थाचे सहा क्रम कागदावर संभवतात, आणि प्रत्येक जागेसाठी वेगळा प्रकार कोशात घालत बसावं लागतं. शिकायला ही वाट बरी, प्रबंधाला नको.

दुसरी वाट मायकेल मोर्टगाट यांची : मधल्या जागेवरूनच बांधणारं नवं तीन जागांचं चिन्ह कलनात आणायचं. तिसरी वाट फिलिप द ग्रूट यांनी २००१ मध्ये मांडली. तिच्यात आतलं कलन डावं-उजवं मानतच नाही. शब्दांचा क्रम एका लॅम्डा-पदात आणि अर्थ दुसऱ्या लॅम्डा-पदात, दोन्ही एकाच सिद्धतेतून निघतात. मधलं भोक तिथे अडचणच राहत नाही, कारण कडा हा विषयच संपतो. मराठीसाठी आमचा कल या तिसऱ्या वाटेकडे आहे.

जाता जाता : हे वाक्य सपाट सुरात म्हटलं तर मराठी कानाला आधी वेगवेगळ्या विहिरीच ऐकू येतात. सामायिक विहीर सांगायची असेल तर आपण 'एकच' म्हणतो किंवा 'एक विहीर' पुढे ओढतो. त्यामुळे एकच सिद्धता मिळणं हा निव्वळ दोष समजू नका. आधी दहा बोलणाऱ्यांना विचारून बघा दुसरा अर्थ किती सहज लागतो, आणि मग कलनाला दुरुस्ती सुचवा.

मराठीत शब्द कसेही फिरवले तरी चालतात. मग डावं-उजवं सांगणारे प्रकार मराठीला लावायचे कशाला?
– वाचक, उदगीर

कसेही फिरवले तरी चालत नाहीत. 'रेणुकाने आंबा खाल्ला' या तीन शब्दांचे सहाही क्रम प्रसंग बघून चालतात. पण 'रेणुकाने पिकलेला आंबा खाल्ला' याचं 'पिकलेला रेणुकाने खाल्ला आंबा' करून पाहा. नामाच्या गोटात क्रम बराच पक्का आहे, वाक्याच्या पातळीवर सैल आहे.

म्हणून कलनात सरसकट अदलाबदलीचा नियम घातला तर सगळंच सैल होतं आणि वरचं विचित्र वाक्यही सिद्ध होतं. दोन प्रकारच्या जोडण्या ठेवाव्यात : नामाच्या आत अदलाबदल न करणारी, वाक्यात अदलाबदल करू देणारी. सैल जोडणीत कर्ता-कर्म ओळखायचे कसे? विभक्तीवरून. ना चे तुकडे पाडा : नाप्र प्रथमेचा, नातृ तृतीयेचा. 'खाल्ला'ला एक नाप्र आणि एक नातृ हवा, कुठल्याही बाजूने.

प्रत्यय वेगळा शब्द धरावा का, हेही तुम्ही विचारलं आहे. 'प्रत्येक शेतकऱ्याने' मध्ये 'ने' चिकटतो तो 'शेतकऱ्या' या सामान्यरूपाला, पण अर्थाने तो अख्ख्या नामसमूहाचा. सुरुवातीला तोडू नका. 'शेतकऱ्याने'ला सातृ (तृतीयेचा सा) द्या आणि 'प्रत्येक'ला (वा/(नातृ\वा))/सातृ. प्रत्ययाचा स्वतःचा अर्थ इथे शून्यच आहे. आला तसा पुढे देतो.

आमच्याकडे 'पाऊस पडायलाय', 'तो भाकरी खायलाय' म्हणतात. पुस्तकी मराठीत 'पडत आहे'. अशा रूपांना प्रकार कसा द्यावा?
– वाचक, लातूर जिल्हा

'पडायलाय'ला सरळ ना\वा दिलं तरी चालतं, पण मग प्रत्येक धातूसाठी कोशात नवी ओळ. त्यापेक्षा सोयीसाठी 'खाय' + 'लाय' असं तोडा (स्त्रीलिंगी 'लीय' : ती खायलीय). व्युत्पत्तीचा दावा यात काही नाही. काळ न लागलेल्या वाक्याला अवा म्हणू :

खाय : ना\(ना\अवा)
लाय : (ना\अवा)\(ना\वा)

'भाकरी' आणि 'खाय' मिळून ना\अवा, त्याला 'लाय' लागून ना\वा, डावीकडून 'तो'. पण 'खायलाय' हा तर एक शब्द आहे, आधी तोच जोडायला हवा, नाही का? तेही जमतं. डावीकडे एक ना गृहीत धरा, 'खाय'ला द्या, 'लाय' लावा, आणि डाव्या कडेचं ते ना सोडवा : 'खायलाय' : ना\(ना\वा), अर्थ लॅम्डा क्ष. लाय(खा(क्ष)). दोन्ही रस्त्यांनी शेवटचा अर्थ एकच. मात्र लँबेक यांचंच १९६१ चं दुसरं कलन, ज्यात कंस हलत नाहीत, तिथे हा दुसरा रस्ता बंद आहे.

अर्थाकडे येताना सावध राहा. 'लाय' म्हणजे 'या क्षणी क्रिया चालू आहे' एवढंच लिहिलं तर 'तो चालायलाय'ला पुरतं : चालायलाय, म्हणजे थोडं तरी चालला. 'तो विहीर खोदायलाय' म्हटलं की मोडतं. त्यावरून विहीर खोदली असं ठरत नाही. पाणी लागायच्या आधीच पैसे संपून काम थांबू शकतं. म्हणजे आत खोद(तो, क्ष) पुरं झाल्याचा दावा येता कामा नये. हा पेच डेव्हिड डाउटी यांनी १९७९ मध्ये नीट मांडला. त्यांचा उपाय असा की वाक्य फक्त आत्ताच्या जगात तपासायचं नाही, तर काम विनाअडथळा पुढे गेलं असतं अशा शक्य जगांत तपासायचं. त्यासाठी वा चा अर्थ नुसतं खरं-खोटं न ठेवता जग आणि वेळ घेऊन खरं-खोटं देणारं फलन करावं लागतं. तेवढा बदल केला की वरच्या सिद्धता जशाच्या तशा राहतात.

संगणकावर चालवायचं आहे. कुठून सुरुवात करावी आणि कुठे फसतं?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

लँबेक यांनी १९५८ मध्येच दाखवलं की छेद-नियमाशिवाय (मधला निष्कर्ष आधी सिद्ध करून पुढे वापरू देणारा नियम) सगळ्या सिद्धता मिळतात. त्यामुळे उलटं, निष्कर्षाकडून शोधत गेलं की प्रत्येक पायरीला एक तिरकी रेघ कमी होते आणि शोध नक्की संपतो. पण वेळ किती लागेल हा वेगळा प्रश्न : माटी पेंटुस यांनी २००६ मध्ये सिद्ध केलं की हा निर्णय एनपी-पूर्ण आहे, म्हणजे शब्द वाढले की लागणारा वेळ झपाट्याने वाढू शकतो. दहा-बारा शब्दांना काळजी नको.

शोधाआधी मोजणी लावा, निम्मा कचरा तिथेच गळतो. प्रत्येक मूळ प्रकारासाठी : भागणाऱ्या बाजूची, म्हणजे शब्द जे मागतो त्याची, मोजणी वजा करायची. 'थापते'त ना उणे २, वा १. गंगूबाई आणि भाकरी मिळून ना २. बेरीज ना ०, वा १, म्हणजे वाक्य होण्याची शक्यता आहे. 'प्रत्येक शेतकऱ्याने'ची मोजणी ना १, वा ०. साध्या नामाइतकीच, आणि असायलाही तशीच हवी. मोजणी जुळली म्हणजे सिद्धता आहेच असं मात्र नाही. 'थापते गंगूबाई भाकरी'ही मोजणीत पास होतं.

पहिल्याच दिवशी हमखास होणारी चूक रिकाम्या यादीची. 'फार'चा प्रकार (सा/सा)/(सा/सा), म्हणजे 'फार मोठी विहीर' बरोबर. पण गृहीतक सोडवल्यावर डावीकडे काहीच शिल्लक नसलं तरी चालेल असं कोडमध्ये राहिलं, तर सा/सा शून्यातून सिद्ध होतो आणि 'फार विहीर' शुद्ध ठरते. यादी रिकामी नाही ना, हे सोडवण्याच्या नियमातच तपासा. ती अट मूळ कलनातच आहे.

प्रोलॉग ही तर्कावर चालणारी संगणकभाषा वापरणार असाल तर दोन गोष्टी. उलटी तिरकी रेघ तिथे आधीच एका बाजूचं चिन्ह म्हणून नेमलेली असते. दोन्ही बाजूंना पद घेणारी म्हणून ती सुरुवातीलाच 'ऑप' या आज्ञेने जाहीर करा. आणि देवनागरीत मोठी-लहान लिपी नसल्यामुळे 'क्ष' असं लिहिलं की एसडब्ल्यूआय-प्रोलॉग त्याला चल न मानता स्थिर नाव मानतं. चल हवा असेल तर आधी अधोरेघ : _क्ष.